पट्टा होता का, यापेक्षा तो कशाला अडकवला होता ते विचारा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की इमारतींच्या भिंतींवर माणसे दिसू लागतात. रंगारी, गळती बुजवणारे, पाइपवाले, एसीवाले, गच्चीवर पत्रे ठोकणारे. याच दिवसांत आतल्या पानावर एक छोटी चौकट येते : अमुक मजल्यावरून पडून कामगाराचा मृत्यू. तिचे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते, 'त्याने सुरक्षा पट्टा लावला नव्हता.' त्या वाक्याने दोष मेलेल्या माणसाच्या माथी बसतो आणि बाकीचे सगळे सुटतात. पण पट्टा लावला असता, तर तो अडकवायचा कशाला होता? हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

पट्टा कंत्राटदार आणू शकतो. तो अडकवायची जागा मात्र इमारतीत असते आणि इमारत सोसायटीची असते. कोणत्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पाहा. दोर बांधण्याजोगे म्हणून काय दिसते? विटांचा कठडा, डिशचा स्टँड, सौर बंबाची घोडी, सांडपाण्याच्या पाइपाचे वर आलेले तोंड, टाकीला लावलेली लोखंडी शिडी. रंगारी यांतलेच काहीतरी निवडतो, कारण दुसरे काही नसतेच. कठडा चार इंची असेल तर झटक्यासरशी बाहेर कलंडतो. डिशचा स्टँड वारा सोसण्यापुरता बसवलेला असतो. बिडाचा पाइप दिसतो दणकट, पण तो ठिसूळ असतो, वाकत नाही, तुटतो. टाकीच्या शिडीचे पाय तर बारा महिने ओलीत असलेल्या भिंतीत रोवलेले असतात आणि गंज आत असतो, वरच्या रंगाखाली.

थोडा हिशेब मांडला तर हे किती अपुरे आहे ते कळते. ऐंशी किलोंच्या माणसाने १.८ मीटरची दोरी पायाच्या पातळीवर अडकवली आणि तो पडला, तर दोरी ताठ होईपर्यंत तो सुमारे ३.३ मीटर खाली गेलेला असतो आणि वेग ताशी तीस किलोमीटरच्या जवळ पोहोचलेला असतो. साधी दोरी त्याला फूटभरात थांबवत असेल तर सरासरी ओढ एक टनाच्या घरात जाते. हूक डोक्याच्या वर असता, तर हाच माणूस थोडासा खाली येऊन लोंबकळला असता. दोरीला धक्का शोषणारे पाकीट असले, म्हणजे दुमडून शिवलेली पट्टी असली, तर ती टाका टाका उसवत जाते आणि धक्का सहा किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे सहाशे किलोंच्या आत ठेवते. जागा निवडताना याच्या दुप्पट धरायचे असते. एका माणसाला १२ किलोन्यूटन, सुमारे सव्वा टन. युरोपातील ईएन ७९५ हे मानक धातूचा अँकर, म्हणजे दोर अडकवायची पक्की जागा, याच ताणावर तपासते. डिशचा स्टँड कुठे आणि सव्वा टन कुठे!

अशी जागा इमारतीत नसते असे नाही. लिफ्टच्या खोलीचे आरसीसी कॉलम, टाकीखालचे कॉलम, जिन्याच्या माथ्यावरचे बीम. त्यांच्याभोवती रुंद पट्ट्याचा स्लिंग घालून हूक लावता येतो. मात्र काँक्रीटच्या धारेवर स्लिंग कापू नये म्हणून कोपऱ्यांवर जाड रबर किंवा दुमडलेले पोते हवे. कॉलम सोयीच्या ठिकाणी नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेली दांडी, बसवावा लागतो. इथे एक चूक हमखास होते. आपल्याकडच्या गच्चीवर स्लॅबच्या वर चार ते सहा इंचांचा विटांचा कोबा असतो. वरून भोक पाडले की ड्रिल कोब्यात शिरते, स्लॅबला शिवतही नाही. विटांच्या तुकड्यांत बसवलेला बोल्ट हाताने हलवला तर हलत नाही, पण माणसाच्या झटक्याने चुन्यातल्या खिळ्यासारखा निघतो. वर पावसाळ्यात तिथूनच गळती सुरू होते ती वेगळीच. म्हणून अँकर कॉलमला किंवा बीमला, बाजूने बसवायचा. १६ मिलिमीटरच्या दांडीला १८ मिलिमीटरचे भोक, गिलावा सोडून काँक्रीटमध्ये सुमारे सव्वाशे मिलिमीटर खोल. भोक ब्रशने घासून, फुंकून, पुन्हा घासून साफ करायचे, कारण आतली भुकटी राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटते. रसायन सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यायचा. मग हायड्रॉलिक टेस्टरने सहा किलोन्यूटन ताण पंधरा सेकंद देऊन प्रत्येक अँकर ओढून पाहायचा. नुसता हातोडा मारून 'टणक आहे' म्हणणे ही चाचणी नव्हे.

आता दोर. फळीवर बसून, म्हणजे झुल्यावर, रंग मारणाऱ्या माणसाला दोन दोर लागतात आणि दोघांच्या गाठी दोन वेगळ्या अँकरांना लागतात. एकावर तो बसतो, दुसऱ्याला त्याचा हार्नेस, म्हणजे अंगभर बांधलेला सुरक्षा पट्टा, जोडलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच दोर दिसतो. किंवा दोर दोन असतात, पण दोन्ही एकाच पाइपाला बांधलेले, म्हणजे हिशेबाने एकच. निळ्या-पिवळ्या पॉलिप्रोपिलिनच्या दोराचा मोह टाळावा. स्वस्त असतो, पण उन्हाने कडक होतो आणि घर्षणाने साधारण १६५ अंशाला वितळतो. दोर हातात घेऊन पिळून पाहावा. पिळाच्या आतून पांढरी पूड झडली, तर तो कपडे वाळत घालण्याच्या लायकीचा उरला आहे. कामाला ११ मिलिमीटर किंवा जास्त जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेले कवच असलेला, कमी ताणणारा दोर लागतो. गाठ मारली की कोणत्याही दोराची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरते, हे धरूनच तो घ्यायचा.

दोर तुटतो तो बहुतेक वेळा मधोमध नाही, कठड्याच्या धारेवर. माणूस खाली डावीकडे-उजवीकडे सरकतो तेव्हा वर तोच दोर गिलाव्याच्या कोपऱ्यावर करवतीसारखा घासत असतो. वरच्या माणसाला हे दिसते, खालच्याला नाही, आणि वर बहुधा कोणी नसतेच. बागेच्या जाड होजचा हातभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवला आणि तो सरकू नये म्हणून सुतळीने बांधला, तर हा धोका फारच कमी होतो. एवढा तुकडाही अनेक गच्च्यांवर दिसत नाही.

सुरक्षा दोरावर जो सरकणारा लॉक असतो, त्याला साइटवर 'ग्रॅब' म्हणतात. त्यावर वर जाणारा बाण कोरलेला असतो. बाण खाली करून बसवला तर ग्रॅब छान सरकतो, कामाला अजिबात अडथळा करत नाही, आणि पडताना धरतही नाही. म्हणून रोज सकाळी जमिनीपासून फूटभर उंचीवर असतानाच त्यात एकदा अंग सोडून पाहावे. ग्रॅब दोराच्या जाडीशी जुळणाराही हवा. १६ मिलिमीटरचा ग्रॅब ११ च्या दोरावर नुसता घसरतो.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. कमरेचा पट्टा पडण्यापासून वाचवण्यासाठी नाहीच. सगळा धक्का पोटावर आणि मणक्यावर येतो आणि माणूस उलटा होऊन त्यातून निसटूही शकतो. खांदे, छाती, मांड्या धरणारा, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये कडी असलेला फुल बॉडी हार्नेस हवा. मांडीचे पट्टे 'उकडतं' म्हणून सोडून ठेवले तर तोही निरुपयोगी. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : हार्नेसलाही खाली मोकळी जागा लागते. पायाच्या पातळीवर अडकवलेली दोन मीटर दोरी, उसवणारे पाकीट पावणेदोन मीटरपर्यंत, कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि शिवाय एक मीटर राखीव, अशी सव्वासहा मीटर. पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर, चार मीटर उंचीवर, याच दोरीने 'सुरक्षित' असलेला माणूस पाकीट पुरते उसवण्याआधीच फरशीवर आदळतो. तिथे आखूड दोरी हवी, इतकी आखूड की त्याला कडेपर्यंत पोहोचताच येऊ नये. पडल्यावर झेलण्यापेक्षा पडूच न देणे हे केव्हाही सोपे.

जाता जाता हिरव्या जाळीबद्दल. इमारतीला गुंडाळलेली हिरवी जाळी पाहून रहिवाशांना हायसे वाटते. ती धूळ आणि खपल्या अडवण्यासाठी असते. माणूस तिच्यावर पडला तर ती फाटते. माणूस झेलणारी जाळी जाड दोऱ्यांची असते, कडेने दोर ओवलेला असतो आणि कामाच्या पातळीखाली शक्य तितक्या जवळ आडवी बांधलेली असते. हिरव्या कापडाला 'सेफ्टी नेट' म्हणून कोटेशनमध्ये पैसे लावलेले असतील तर सेक्रेटरींनी विचारावे.

आतापर्यंतचे सोसायटीचे झाले. आता घराघराचे, कारण एप्रिल-मे म्हणजे एसीचे दिवस. दीड टनाच्या एसीचा बाहेरचा युनिट तीस किलोंच्या आसपास असतो आणि तो खिडकीच्या बाहेर, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी टांगलेला असतो. सर्व्हिसिंगला आलेला मुलगा सरकत्या खिडकीच्या अर्ध्या फटीतून बाहेर पडतो, एक पाय छज्ज्यावर, एक बॉक्स ग्रिलवर, एका हातात पाना. घरातले लोक म्हणतात, 'सांभाळून रे!' या सांभाळून रे-ला सव्वा टनांचा आधार नसतो.

छज्जा काँक्रीटचा असतो, मग तो का तुटतो? छज्जा भिंतीतून बाहेर आलेला असतो, मागे धरलेला, पुढे मोकळा. त्याच्यावर भार आला की ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वरच्या थरात हव्यात. पण काँक्रीट ओतताना कामगार त्याच सळ्यांवर उभे राहिलेले असतात आणि सळ्या दबून खाली जातात. कागदावर सळई वर, प्रत्यक्षात खाली. नुसता पाऊस अंगावर घेणारा असा छज्जा चाळीस वर्षे टिकतो आणि माणूस उभा राहिल्यावर मुळातून मोडतो. मुळाशी, वरच्या बाजूला, भिंतीला समांतर जाणारी बारीक भेग दिसली तर त्यावर मांजरही बसू देऊ नये.

बॉक्स ग्रिलचे आणखी वाईट. ती भिंतीत ठोकलेल्या चार-सहा बोल्टांवर लटकते, तिच्यात तुळशीपासून मनी प्लँटपर्यंत कुंड्या ठेवलेल्या असतात आणि रोजचे पाणी खालच्या वेल्डिंगवर ठिबकते. वरून ऑइल पेंटचा हात असतो, पण खाली हात घालून सांधा चाचपून पाहा. पापुद्रे हातात येतात. तो सांधा कुंड्यांचे ओझे कसाबसा पेलत असतो. त्यावर सत्तर किलोंचा माणूस आणि हातातला तीस किलोंचा युनिट गेला, तर ग्रिल वाकायलाही वेळ घेत नाही.

उपाय नवीन एसी घेतानाच करायचा. युनिट कोरड्या बाल्कनीत, डक्टच्या जाळीवर नव्हे तर कठडा असलेल्या सर्व्हिस स्लॅबवर किंवा गच्चीवर बसवायचा. तांब्याची नळी थोडी लांब लागली तर लागू द्यावी. जुन्या युनिटसाठी बाहेर जाण्याला पर्याय नसेल, तर आतल्या दाराच्या चौकटीवर आडवा बसणारा तयार अँकर बार मिळतो, चाचणीचा आकडा छापलेला. त्याला आखूड दोरी लावून हार्नेस जोडायचा. पलंगाचा पाय, सोफा, खिडकीची ग्रिल, आणि दोर धरून उभा असलेला दुसरा मुलगा, यांतले काहीही अँकर नाही. पडणारा माणूस हाताने धरता येत नाही. दोर तळवे सोलून निघून जातो किंवा धरणाऱ्यालाही ओढून नेतो. एवढी सोय नसेल तर मुलाला चहा पाजून परत पाठवावे. सर्व्हिसिंग आठवडाभर उशिरा झाले म्हणून काही बिघडत नाही.

गच्चीवरच्या पावसाळी पत्र्यांची गोष्ट निराळी आहे. सिमेंटचा पत्रा सहा मिलिमीटरचा असतो आणि जुना झाला की बिस्किटासारखा मोडतो. बोल्टांच्या रांगेवरून चालले तर खाली पत्रा पेलणारी आडवी पर्लिन असते, म्हणून धोका नाही, हा समज खोटा आहे. तोल जाऊन पाय वीतभर बाजूला पडला की संपले. प्रकाशासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धुळीने आणि शेवाळाने इतरांसारखेच दिसू लागतात आणि पाऊल नेमके तिथेच पडते. निदान तीन पर्लिनींवर टेकतील अशा लांबीच्या दोन फळ्या घ्याव्यात. एकीवर बसून दुसरी पुढे सरकवायची. जमले तर काम खालूनच, घोडीवर उभे राहून करावे.

परांची भक्कम आहे का ते ओळखायला इंजिनिअर लागत नाही. खालून पाहा : उभे बांबू किंवा पाइप थेट मातीत रोवलेत की खाली लाकडी ठोकळा किंवा लोखंडी पाटी आहे? ओल्या मातीत उभा पाइप रुततो आणि सगळी परांची एका अंगाला झुकते. इमारतीला ती ठिकठिकाणी बांधली आहे का? प्लास्टर काढताना कामगार स्वतःच हे बांध सोडतात आणि पुन्हा लावत नाहीत, जोराच्या वाऱ्यात परांची पडण्याचे ते मोठे कारण. चालायची फळी एकच आणि नुसती ठेवलेली, की दोन-तीन जुळवून दोन्ही टोकांना बांधलेल्या? बाहेरच्या बाजूला मीटरभर उंचीवर आडवा पाइप, त्याखाली मध्ये एक आणि पायाशी पंधरा सेंटिमीटरची पट्टी आहे का? ही पट्टी हातोडा आणि वीट खाली जाऊ देत नाही, म्हणून ती खालून चालणाऱ्या रहिवाशांसाठीही असते. बांबूच्या परांचीत सुंभाची गाठ उन्हाने सैल होते, तेव्हा ती आठवड्यातून एकदा पाहावी लागते. आणि ११ केव्हीची तार जवळून जात असेल तर पाइपाची परांची उभी करण्याआधी वीज कंपनीला कळवावेच लागते.

समजा सगळे नीट झाले, माणूस पडला आणि हार्नेसने झेलला. काम संपले असे वाटते, ते तिथे संपत नाही. लोंबकळणाऱ्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे आवळतात, पाय हलत नाहीत, रक्त पायांतच साचते आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. मग हार्नेसमध्ये उभ्या स्थितीत राहणे जिवावर बेतते. अग्निशमन दलाला फोन करावाच, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही. उतरवण्याचा दोर आणि तो वापरू शकणारी दोन माणसे काम सुरू होण्याआधी गच्चीवर हवीत. हार्नेसला पाय टेकवायचा फास जोडलेला असावा, म्हणजे शुद्धीत असलेला माणूस त्यात उभा राहून मांड्या मोकळ्या करू शकतो. आणि हो, गच्चीच्या दाराला कुलूप असते. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन दुधाला गेलेला. काम चालू असेल तेव्हा ते कुलूप काढून ठेवावे.

कायद्याचे म्हणाल तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात उंबरठा दहा कामगारांचा होता, आणि नव्या कामगार संहितेतही बांधकामासाठी तोच आहे. सोसायटीचा रंग चार माणसांची टोळी मारते. म्हणजे जिथे माणसे सर्वाधिक उघड्यावर असतात तिथेच निरीक्षकाची नजर पोहोचत नाही. तिथे उरते ती फक्त सोसायटीची वर्क ऑर्डर. तीन कोटेशन मागवायची, सर्वांत खालचे घ्यायचे, हा शिरस्ता आहे, आणि खालच्या कोटेशनमध्ये कमी पडतो तो रंग नव्हे, दोर असतो. म्हणून निविदेतच 'अँकर, दोन दोर, हार्नेस, उतरवण्याची व्यवस्था' अशी वेगळी बाब घालून तिचा वेगळा दर मागवावा आणि ती बाब प्रत्येकाला सारखीच भरायला लावावी. मग स्पर्धा रंगाच्या दरात होईल, माणसाच्या जिवात नाही. कामगारांच्या विम्याची प्रत कामाआधी घ्यावी आणि तिच्यावर उंचावरचे काम वगळलेले नाही ना, ते वाचून पाहावे.

तीस वर्षांच्या पुढच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट होतच असते. इंजिनिअर गच्चीवर येतात, कॉलम ठोकून पाहतात. त्यांनाच सांगावे की, दर दोन-अडीच मीटरवर एक दोर सोडता येईल असे अँकर कुठल्या कॉलमला आणि बीमला बसवता येतील ते नकाशावर दाखवा. एकदाच बसवायचे आणि काम झाले की काढून न्यायचे नाहीत. प्रत्येकाशेजारी पिवळ्या रंगाने क्रमांक आणि चाचणीची तारीख लिहून ठेवायची, वर्षाने पुन्हा ओढून पाहायचे. पुढच्या वर्षी केबलवाला येईल, सौर बंबवाला येईल, रंगाचा कोणी दुसराच कंत्राटदार येईल. त्या प्रत्येकाला गच्चीवर गेल्यावर डिशच्या स्टँडकडे पाहावे लागणार नाही.

आपला,
बांधकाम सुरक्षेच्या क्षेत्रातील एक वाचक, ठाणे